पियानोच्या डाव्या बाजूला

जगात बिनमानाची कामं पुष्कळ आहेत. पण पियानो वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या पुस्तकाची पानं उलटणं हे काम मी एकदा केलं, आणि तेव्हापासून बाकीच्या सगळ्या कामांबद्दल मला आदर वाटायला लागला आहे. या कामात माणसाने दिसायचं नसतं, खोकायचं नसतं, चुकायचं तर मुळीच नसतं, आणि सगळं नीट पार पडलं तर कौतुक दुसऱ्याचं. बरं, हे काम कुणी माझ्या गळ्यात मारलं म्हणावं, तर तसंही नाही. मी स्वतः होऊन, जेवणाच्या टेबलावर, तोंडात घास असताना म्हणालो, "हात्तिच्या! एवढंच ना? मी उलटतो की पानं!" विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

त्याचं असं झालं. आमची ठकी पियानो वाजवते. ठकी हे तिचं घरातलं नाव. बाहेर या नावाने हाक मारली तर ती बापालासुद्धा ओळख देत नाही. इथल्या संगीत संस्थेत साथीला पियानो वाजवणाऱ्याची एक कायमची जागा भरायची होती. गेल्या वर्षीही ती परीक्षेला बसली होती. छान सुरुवात केली, म्हणे. मग मध्येच थांबली, उभी राहिली, "माफ करा" म्हणाली आणि परीक्षकांसमोरून चालत बाहेर आली. घरी येऊन तिने पियानोचं झाकण बंद केलं, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले, आणि कितीतरी दिवस ते कपडे कुणी उचलले नाहीत. ही, म्हणजे ठकीची आई, आत जाऊन रडायची, मी बाहेर बसून वर्तमानपत्र उलटं धरायचो. या वर्षी तिची वयोमर्यादा संपत होती. जमलं तर जमलं, नाही तर ते दार कायमचं बंद.

ती का उठून आली यावर चार शहाण्यांची मतं घेऊन झाली होती. वरच्या मजल्यावरचे बँडकाका, म्हणजे अग्निशमन दलाच्या बँडात ट्रंपेट फुंकून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणाले की पोरीचा श्वास कमी पडतो. आता पियानो काही तोंडाने वाजवत नाहीत. पण बँडकाकांना हे कोण सांगणार? खालचा शिंपी म्हणाला की झगा खांद्यात तंग असणार. माझी मेहुणी म्हणाली, रिकाम्या पोटी पाठवलं असेल. आणि ठकी स्वतः, खोदून खोदून विचारल्यावर एकदाच, खाली बघत म्हणाली, "पानं उलटायला कुणी नव्हतं."

मी पाणीपुरवठा खात्यात मुख्य लेखनिक. आमच्या खात्यात नळाला पाणी का येत नाही याचं एखादं कारण कागदावर आलं, की पुढची चौकशी बंद होते. इथेही तेच झालं. कारण मिळालं, उपाय समोर दिसत होता, आणि पानं उलटण्यात तर माझं आयुष्य गेलेलं. म्हणून ते टेबलावरचं वाक्य मी बोलून गेलो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की घास घशातच अडकला.

"अहो, ते तुमच्या फायलीसारखं नसतं," ही म्हणाली.

"पान ते पान," मी म्हणालो.

ठकी मात्र एकदम वर बघत म्हणाली, "खरंच बसाल बाबा? शेवटपर्यंत?" तिचा चेहरा इतक्या महिन्यांनी जरा उजळला होता. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. वाजवायचा होता जुन्या, अभिजात काळातला एक सोनाटा. पियानो आणि व्हायोलिनसाठी. व्हायोलिनवाला संस्थेचाच असणार होता. मला वाटलं होतं व्हायोलिन म्हणजे नवरदेव आणि पियानो वऱ्हाडी. पण ठकी म्हणाली की त्या काळच्या अशा सोनाट्यांत बहुतेक वेळा पियानोच घरमालक, व्हायोलिन भाडेकरू. हे ऐकून मला बरं वाटलं. घरमालकाच्या बाजूला बसायचं म्हणजे काही अगदीच हे नाही.

"सोनाट्याचे भाग असतात बाबा, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. याला तीन आहेत. पहिला जलद, दुसरा मिनुएट, तिसरा रोंडो. पहिल्या भागाचे परत तीन तुकडे. मांडणी, विस्तार आणि परतणी. मांडणीत दोन विषय येतात. पहिला घरच्या सुरात, दुसरा दुसऱ्या सुरात."

"थांब," मी म्हणालो. कारण मला एकाएकी सगळं लख्ख दिसलं. "म्हणजे अर्ज! अर्जात दोन मागण्या. एक आपल्या खात्याची, दुसरी शेजारच्या खात्याची."

"हं... तसंच. आणि मांडणी पूर्ण झाली की ती पहिल्यापासून पुन्हा वाजवायची."

"अर्ज दोन प्रतींत."

ठकी हसली. मी आणखी चेव आल्यासारखा सुटलो. विस्तारात म्हणे ते दोन्ही विषय फोडतात, फिरवतात, भलभलत्या सुरांत नेतात, कुठला विषय कुणाचा ते कळेनासं होतं. ही तर समितीची बैठक! परतणीत अर्ज मूळ टेबलावर परत येतो, फक्त या खेपेला दुसरी मागणीसुद्धा मुकाट्याने घरच्याच सुरात बोलते. आणि शेवटी कोडा नावाचं शेपूट, म्हणजे "कळावे, आपला विश्वासू". इतकी वर्षं आपण खात्यात सोनाटेच लिहीत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं वाटून मला भरून आलं.

भरून आलेलं फार टिकलं नाही. समजणं वेगळं आणि उलटणं वेगळं. मांडणी पुन्हा वाजवायची म्हणजे झरकन एक पान मागे यायचं, आणि ते तिच्या हातांच्या आड न येता. बसायचं तिच्या डाव्या बाजूला, जरा मागे. वेळ आली की आवाज न करता उठायचं, डाव्या हाताने उजव्या पानाचा वरचा कोपरा धरायचा, तिने खूण केली की उलटायचं, खाली बसायचं. मिनुएट हा तीन ठोक्यांचा नाच. तो संपला की ट्रिओ नावाचा मऊ तुकडा, तो संपला की परत मिनुएट, म्हणजे परत पान मागे. रोंडो त्या मानाने साधा. एकच सूर अधूनमधून इकडेतिकडे भटकून दारात हजर. आमच्या बँडकाकांसारखा, दरवेळी जातात आणि दरवेळी "एक सांगायचं राहिलं" म्हणून परत येतात.

पहिल्याच सरावात मी अंगठा जिभेला लावला. आमच्या खात्यात अंगठा ओला केल्याशिवाय पान हलत नाही.

"शी, बाबा!" ठकी किंचाळली.

जीभ बंद झाली. मग खूण. ठरलं होतं की ती मान हलवेल तेव्हा उलटायचं. पण ठकी वाजवायला लागली की तिची मान सारखी हलते! पहिल्या दिवशी मी इतकी पानं उलटली की विस्तार यायच्या आत आम्ही रोंडोत पोचलो. शेवटी हिने तोडगा काढला, "मान नको. डावी भुवई उचल. तुझ्या बाबांना बघायला दुसरं काही ठेवूच नकोस." भुवई ठरली. मी ऑफिसात, रस्त्यात, जिथेतिथे लोकांच्या डाव्या भुवईकडे बघू लागलो. आमच्या साहेबांनी एका बैठकीत भुवई उचलली आणि मी त्यांच्यासमोरच्या अहवालाचं पान उलटलं.

बँडकाका रोज संध्याकाळी येऊन बसत. "मोजा साहेब, मोजा! मोजणारा कधी बुडत नाही," असं म्हणून ते स्वतःच एवढ्या मोठ्याने मोजत की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडत. शिंप्याने माझ्या कोटाच्या बाह्या बघून जाहीर केलं की एवढी लांब बाही पानाला लागून पुस्तक खाली आणणार, आणि माझं ऐकून न घेता कोट नेला. परत आला तेव्हा बाह्या कोपराला नमस्कार करत होत्या. "आता हात मोकळा," तो म्हणाला. हात मोकळा होता खरा, पण माणूस भांडी घासायला निघाल्यासारखा दिसत होता.

हे सगळं चाललं असताना संस्थेतून निरोप आला की पानं उलटणाऱ्याचा स्वतंत्र अर्ज लागेल. मी गेलो. खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या.

"स्वरलिपी वाचता येत असल्याचा दाखला?"

"तो कुठे मिळतो?"

"ते आम्ही सांगू शकत नाही. उद्या या."

माझ्या अंगावर काटा आला. हे माझं वाक्य होतं! मी ते किती लोकांना, अगदी याच सुरात, वर न बघता म्हटलेलं आहे. दुसऱ्या दिवशी बँडकाकांचं पत्र घेऊन गेलो, खाली अग्निशमन दलाचा शिक्का. बाई म्हणाल्या, निवृत्त माणसाचा शिक्का चालत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्या जेवायला गेल्या होत्या. मग अर्जाची शेवटची तारीखच उजाडली. मी ऑफिसातून धावत पोचलो तेव्हा खिडकीची फळी अर्धी खाली आली होती. मी खाली वाकून, अर्ध्या बाईंशी बोलू लागलो.

"बाई, पोरीची शेवटची संधी आहे हो. मला काही येत नसेल तर तोंडी विचारा."

बाईंनी सुस्कारा सोडला. "बरं. सोनाटा पद्धत म्हणजे काय ते सांगा."

मी सांगितलं. अर्ज, दोन मागण्या, दोन प्रती, सगळं. बाई हळूहळू फळीच्या खाली वाकून ऐकायला लागल्या. "आणि विस्तारात नक्की काय होतं?"

"तुमच्याकडे साहेब लोकांची बैठक होते का?"

"होते."

"तेच."

बाईंनी शिक्का उचलला. "इतकी वर्षं इथे बसते, पण आज कळलं," असं पुटपुटत तो मारला. वर एक सूचनाही दिली. "उमेदवाराच्या आईवडिलांना दाराच्या आत प्रवेश नाही. पानं उलटणारा असेल तरच."

"आणि बापच पानं उलटत असेल तर?"

"मग तो बाप नाही, पानं उलटणारा," बाई म्हणाल्या, आणि फळी खाली आली.

परीक्षेचा दिवस उजाडला. ठकीची बोटं बर्फासारखी गार पडली होती. हिने ती गरम पाण्याच्या पिशवीवर धरून ठेवली होती. माझी वेगळीच तऱ्हा. जीभ लावायची बंदी, आणि कोरड्या अंगठ्याने पान सुटेना तर? म्हणून मी गुपचूप ऑफिसातली ओल्या स्पंजची डबी पँटच्या मागच्या खिशात टाकली. हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा एक अपमान वाचला असता.

संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. आतून आधीच्या उमेदवाराचा पियानो ऐकू येत होता. तो थांबला. दार उघडलं, एक मुलगा बाहेर आला आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेला. ठकी त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मधे उठायचं नाही हं. काहीही झालं तरी."

"वेडी की काय? मी उठलो तर पानं कोण उलटणार?"

आतून नाव पुकारलं गेलं.

लांबट, उंच छताची खोली. समोर टेबलामागे परीक्षक, मधोमध अध्यक्षबाई, आणि बाजूच्या छोट्या टेबलावर त्याच खिडकीतल्या बाई नियमांचं पुस्तक घेऊन. पियानोजवळ व्हायोलिनवाला तारा जुळवत उभा. मी ठरल्याप्रमाणे डाव्या बाजूला खुर्ची सरकवून बसलो आणि बसताक्षणी पाठीमागे गार लागलं. डबीचं झाकण उघडलं होतं. पाणी खुर्चीभर पसरत होतं, आणि मला हलायची सोय नव्हती. पाणीपुरवठा खात्याच्या माणसावर अशी वेळ यावी! मी चेहरा सरळ ठेवला.

ठकीने हात उचलले. मांडणी सुरू झाली. पहिला विषय, घरचा सूर. माझं काळीज इतकं धडधडत होतं की ते तालात नसल्याची मला लाज वाटली. भुवई! मी उठलो, पान उलटलं, बसलो. दुसरा विषय. व्हायोलिन गोड गुणगुणत होतं. मांडणी संपली, आणि मी झरकन एक पान मागे आणलं. अगदी सुळकन. मी परीक्षकांकडे बघितलं. एकाचीही नजर माझ्याकडे नव्हती. बँडकाकांनी सांगितल्याप्रमाणे मी मनात मोजत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला आपण कलावंत आहोत असं वाटलं.

विस्तार आला. समितीची बैठक. सूर इकडून तिकडे फेकले जाऊ लागले, गोंधळ वाढला, आणि मी ठकीकडे पाहिलं. वरच्या ओठावर घाम. श्वास भराभर. तिने एकदम डावीकडे पाहिलं. डोळे मोठे, दोन्ही भुवया कपाळात. मी काय समजायचं? भुवई म्हणजे भुवई! मी ओल्या खुर्चीवर डावा हात टेकून उठलो आणि पान उलटलं.

ते उलटायचं पान नव्हतं. त्यातून ओल्या अंगठ्याला एकाऐवजी दोन पानं चिकटून गेली. मी ती मागे आणायला गेलो, अंगठा सुटेना, जोर लावला, आणि टर्रकन आवाज झाला. एक पान माझ्या हातात आलं. पुस्तक पियानोवरून घसरलं, सुरांच्या पट्ट्यांवर आपटलं, त्यातून एक भयंकर सूर निघाला, आणि ते माझ्या पायापाशी पडलं. मी ते पकडायला वाकलो, खुर्चीचा पाय माझ्या पायात आला, आणि मी गुडघ्यावर पडलो. पाठ परीक्षकांकडे. ओली.

क्षणभर पियानो थांबला. नुसतं व्हायोलिन चालू होतं आणि तेही चाचपडत होतं. मी चार पायांवर, एका हातात फाटकं पान, मान वर करून पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. संपलं सगळं, मला वाटलं. तिची शेवटची संधी, हिचं वर्षभराचं रडणं, सगळं मी आपल्या हाताने फाडलं होतं. मला त्या जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

ठकीने मान वळवली आणि वाजवायला लागली. समोर पुस्तक नव्हतं, काही नव्हतं. तिने मधे सुटलेला धागा उचलला, व्हायोलिनला सावकाश आपल्याकडे ओढून घेतलं, आणि परतणीचा पहिला विषय असा काही घरी आला की मी गुडघ्यावरच थांबून ऐकत राहिलो. मग खुर्चीवर बसलो. पुस्तक पियानोवर ठेवायला हात पुढे केला तर तिने वाजवता वाजवताच मान हलवली, नको. मी ते मांडीवर बंद करून बसलो.

उरलेला सगळा सोनाटा मी तसाच काढला. मिनुएट, ट्रिओ, परत मिनुएट. जिथे पान मागे आणायचं तिथे माझा हात आपोआप उठायचा आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून खाली बसवायचो. रोंडोचा सूर दरवेळी परत आला की मला वाटायचं, आता अडखळेल. अडखळला नाही. शेवटचे सूर वाजले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाहेर थांबा. दोघंही."

बाहेर ही बाकाच्या कडेला बसली होती. माझ्या हातातलं फाटकं पान बघून तिने काही विचारलं नाही, फक्त पदराएवढा रुमाल तोंडाला लावला. मी ठकीला म्हणालो, "मी जाऊन सांगतो त्यांना. चूक माझी आहे. पानावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, पुरावा म्हणून." ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात दार उघडलं. आत बोलावलं होतं.

अध्यक्षबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. "आमचा नियम आहे, गरज असेल तरच पानं उलटणारा आणायचा. तुम्ही अर्ज केलात. आणि अर्ध्याहून जास्त सोनाटा पुस्तक बंद ठेवून वाजवलात. म्हणजे तुम्हाला तो पाठ होता. मग गरज कसली होती? अर्जात खोटं लिहिलं असेल तर मला तो रद्द करावा लागेल."

"बाई, माझं ऐका..." मी पुढे झालो.

"पानं उलटणाऱ्याने बोलायचं नसतं."

ठकीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पाठ होता," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचाही पाठ होता. गेल्या वर्षी मी इथून उठून गेले, तुम्ही बघितलंत. विस्तारात आले आणि एकदम वाटलं, आता काही आठवणार नाही. दार दिसलं, गेले." तिने डावीकडे बोट दाखवलं. दार खरंच तिथे होतं, माझ्या खुर्चीच्या मागे, हाताच्या अंतरावर. "पानं उलटणारा या बाजूला बसतो. आज परत तसंच झालं. मी दाराकडे बघितलं. तिथे बाबा होते. मग तर ते जमिनीवरच आडवे होते. मला त्यांच्या अंगावरून जावं लागलं असतं."

"यांना हे माहीत होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. नुसतं येऊन बसा म्हटलं असतं तर ते बसले नसते. त्यांना काम लागतं."

आता माझी अवस्था काय झाली असेल, सांगा! एवढी भुवई, एवढी मोजणी, अर्जाच्या दोन प्रती, बाह्या गेल्या, साहेबांपुढे शोभा झाली, आणि मी होतो काय? तर दाराला लावलेली कडी. पण मला राग येईना.

बाजूच्या टेबलावरून पानांची सळसळ ऐकू आली. खिडकीतल्या बाईंनी चष्मा सारखा केला. "बाई, उमेदवाराच्या डाव्या बाजूला बसावे, असं कलमात आहे. पान उलटलंच पाहिजे असं कुठेही नाही."

व्हायोलिनवाला पुढे आला. तो घसा खाकरून म्हणाला, "पुस्तक पडलं तेव्हा मी पार भरकटलो होतो. हिने मला उचलून घेतलं. मला साथीला हीच हवी."

अध्यक्षबाईंनी शेजारच्या परीक्षकांकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. "सोमवारपासून कामावर या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नाही. आणि जाण्यापूर्वी ती खुर्ची पुसा."

मी कोटाच्या उरलेल्या बाहीने खुर्ची पुसली. बाहेर ही ठकीच्या गळ्यात पडून रडत होती, आता वेगळं रडणं. रस्त्याने घरी जाताना मी मुद्दाम दोन पावलं मागे चालत होतो. माणसाला मान असतो, आणि दुखावलेला मान मागूनच चालतो.

ठकी थांबली आणि माझा हात धरला. तिचा हात आता चांगला गरम होता.

"रागावलात?"

"मी मिनुएट शिकलो," मी म्हणालो. "ट्रिओसुद्धा."

"पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही समोर बसा. आईच्या शेजारी."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे कुणी नको," ती म्हणाली, सहज, रस्ता ओलांडताना गाड्यांकडे बघत. ते ऐकून मला इतका आनंद झाला की तिच्यावर रागवायचं राहूनच गेलं, आणि ते राहून गेलं म्हणून मी घरी पोचेपर्यंत स्वतःवर धुसफुसत होतो.